दुपारची भाषा

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुला एक ओळही लिहिली नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. मी दिवसभर भाषेबद्दलच बोलते. आठवड्यातले पाच दिवस वाचा-उपचार शिकणाऱ्या विद्यार्थ्यांशी, आणि शनिवारी सर्जापूर रोडवरच्या एका छोट्या दवाखान्यात, उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या आईवडिलांशी. पण तुझ्याशी बोलायचं तर कुठल्या भाषेत, हा प्रश्न समोर आला की मी दुसरं काहीतरी काम काढते. आज तसं काढता आलं नाही. मी सहा वर्षांची असतानाच्या एका उन्हाळ्यात तुझं बोलणं बंद पडलं आणि त्यात माझा हात होता. तो किती होता, हे मला आज नीट मांडायचं आहे. मांडणं हाच माझा व्यवसाय असल्यामुळे निदान तेवढं तरी मला जमायला हवं.

आज सकाळी एक जोडपं आलं होतं. दोघंही पुण्याचे, दोघंही संगणकाच्या कामात, आणि पावणेतीन वर्षांचा मुलगा, जो अजून चार-पाच शब्दांपलीकडे जात नाही. वडिलांनी बसल्याबसल्या लॅपटॉप उघडला. त्यात त्यांनी तक्ता केला होता. कोणत्या दिवशी कोणता शब्द मुलाच्या कानावर पडला, कोणत्या भाषेतला, कोणी उच्चारला. कन्नड शब्दांचे रकाने लाल केले होते. ‘‘मॅडम, इनपुट क्लीन केला की आउटपुट येईल ना?’’ ते अगदी मनापासून म्हणाले. बायको त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, ‘‘आमच्याकडे मावशी येतात ना, आनेकलहून. बसनं. फक्त कन्नड बोलतात. जीव लावतात हो खूप. पण तो कन्फ्यूज होत असेल तर... दुसरी कुणी बघू का?’’

मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना आत बोलावलं आणि कन्नडमध्ये विचारलं, याच्याशी काय काय खेळता, काय बोलता? त्यांनी आधी मुलाच्या वडिलांकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, बाळापुढे बोलू नका म्हणून सांगितलंय ना. तीन आठवडे झाले. ‘सुम्ने’ असते. इतक्यात तो मुलगा त्यांच्या मांडीवर चढला, त्याने त्यांच्या ओठांवर दोन बोटं टेकवली आणि बटण दाबावं तशी दाबून वाट पाहू लागला. पुन्हा दाबली. मावशी हसल्या, पण तोंड मिटूनच.

‘सुम्ने’ हा तुझा शब्द. गप्प, उगाच, काही न करता, या सगळ्यांचं काम तो एकटा करायचा. ‘‘सुम्ने बस ग पुट्टी,’’ असं तू म्हणायचीस, तू अजून तसं म्हणत होतीस तेव्हा.

मी पालकांना जे सांगायचं ते सांगितलं, तेच आता तुलाही सांगते, कारण तुला ते कुणीच कधी सांगितलं नाही. मी वर्गात हे शिकवताना फळ्यासमोर येरझारा घालते आणि विद्यार्थी माझ्या उत्साहाला हसतात. हसू देत. मूल भाषा शिकतं म्हणजे काय करतं? आपण समजतो की शब्द ही पहिली वीट. तसं नाही. शब्दाच्या फार आधी चाल येते. गर्भातल्या बाळाला पाण्याच्या आणि कातड्याच्या पलीकडून व्यंजनं धड पोहोचत नाहीत, पण आईच्या बोलण्याचे चढउतार, तिचा वेग, तिचं थांबणं पोहोचतं, आणि जन्मलेलं मूल इतरांच्या आवाजातून तिचा आवाज ओळखतं. मग ध्वनी. सुरुवातीच्या महिन्यांत मूल जगातल्या कुठल्याही भाषेतले सूक्ष्म भेद ऐकू शकतं. चहातला च वेगळा आणि चाऱ्यातला च वेगळा, हे आपल्याला जन्मतः ठाऊक असल्यासारखं वाटतं. परक्या माणसाला ते वर्षभर घोकूनही ऐकू येत नाही. वर्षाच्या सुमारास मूल आपल्या घरात उपयोगी पडणारे भेद ठेवतं आणि बाकीच्यांवरचं लक्ष सोडतं. त्यानंतर आणखी अवघड काम. बोलण्यात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, आई. जागा फक्त लिहिण्यात असते. कानावर येतो तो एक अखंड प्रवाह. कोणते ध्वनी वारंवार जोडीने येतात आणि कोणते क्वचित, याचा हिशेब कुणी न शिकवता ठेवून मूल त्या प्रवाहातून शब्द सोडवून घेतं. त्या शब्दांचे तुकडे पाडतं, तुकड्यांतून नियम काढतं, आणि एक दिवस ‘केलं’च्या जागी ‘करलं’ म्हणतं. घरातले हसतात. मी मात्र वर्गाला सांगते की त्या क्षणी पेढे वाटायला हवेत, कारण हे ‘करलं’ त्याला कुणी शिकवलेलं नाही; ते त्याने स्वतः घडवलं आहे.

आणि या सगळ्याला लागतं काय? भरपूर बोलणारं एक माणूस. आपल्या सवयीच्या भाषेत, न अडखळता, न मोजता बोलणारं. भाषा दोन असल्या तर मूल दोन्हींचा हिशेब ठेवतं. मिसळ असली तर मिसळीचा ठेवतं. त्याने मूल मुकं होत नाही. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपली आपण बोलू लागतात. ज्यांना मदत लागते त्यांनाही घरातलं एक माणूस कमी करून कधी फायदा होत नाही.

‘‘म्हणजे हे लाल सेल्स?’’ वडिलांनी विचारलं.

‘‘काळे करून टाका,’’ मी म्हटलं. ‘‘आणि मावशींना बोलू द्या. ही काही मेहरबानी नाही, औषध समजा.’’

‘‘सॉरी हं मावशी,’’ त्यांची बायको पुटपुटली. ते उठले. दार बंद झाल्यावर कॉरिडॉरमधून मावशींचा आवाज येऊ लागला. तीन आठवड्यांचं तुंबलेलं कन्नड, एका दमात, लिफ्टपर्यंत. बाहेर पुढचं कुटुंब वाट पाहत होतं आणि मला त्यांना आत बोलवायला बराच वेळ लागला.

कारण मीही असंच मूल होते. अडीच वर्षांची झाले तरी बोलत नव्हते. आपल्या क्वार्टर्सच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा. त्या काळी सगळेच तसं सांगत. बाबा पुण्याहून कारखान्यात आलेले, तू इथलीच, तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या मराठी घराण्यातली. तुमच्या घरी मोठ्या भावाला अण्णा, बहिणीला अक्का. एका वाक्यात दोन भाषा आणि त्या दोन आहेत याची कुणाला जाणीव नाही. एकच भाषा म्हणजे अर्थातच मराठी, आणि मराठी म्हणजे अर्थातच बाबांची. पुढच्या वर्षभरात मी बोलायला लागले. नियमामुळे लागले की नुसती लागले, याचा निर्णय आज कुणी देऊ शकणार नाही. मी नोकरीच्या पहिल्या सहा वर्षांत आयांना हाच सल्ला दिला, आई. वर तुझं उदाहरण द्यायची. ‘माझ्या आईने माझ्यासाठी स्वतःची भाषा बदलली.’ त्या आया भारावून माना डोलवायच्या. त्यांतल्या किती जणी घरी जाऊन गप्प झाल्या असतील, हे मला माहीत नाही, आणि ते शोधून काढण्याचा मार्गही नाही.

बाबा दुष्ट नव्हते, हे लिहून ठेवायला हवं. ते कारखान्यात तपासनीस होते. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग मापात बसतो की नाही पाहायचा, न बसला तर परत पाठवायचा. त्यांच्या मते जगातली कुठलीही अडचण मोजता आली की सुटत असे. मी पाच वर्षांची झाले, शाळेत इंग्रजी आली, तेव्हा त्यांना वाटलं माझी गाडी पुन्हा रुळावरून घसरेल. म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक पाटी टांगली. तुझ्या बोलण्यात कन्नड शब्द आला की पाटीवर एक रेघ. रेघ मी मारायची. संध्याकाळी सायकल लावता लावता ते विचारायचे, ‘‘काय इन्स्पेक्टर, आज किती माल परत?’’ मी आकडा सांगायची. ‘‘एकवीस? अरे बापरे. लाइन बंद करावी लागणार.’’ तूही हसायचीस. ‘‘अय्यो, मी सकाळी बाजारात बोलले ते पण धरलं का हिनं?’’ आणि मी ‘अय्यो’ची बाविसावी रेघ मारायची. या खेळात हरणारं माणूस एकच होतं, हे माझ्या लक्षात यायला तीस वर्षं लागली.

आकडे उतरत गेले. तू वाक्य सुरू करण्याआधी थांबायला लागलीस. मी आज एखाद्या रुग्णाच्या बाबतीत असा विराम मोजला असता. शब्द सुचतो, तो कुठला आहे हे तपासलं जातं, दुसरा शोधला जातो, तो येईपर्यंत सांगायचं ते विझतं. दाराशी भाजीवालीबरोबर तुझा आवाज उंच आणि भरधाव असायचा, आणि उंबरठा ओलांडताना चपलांबरोबर तो तू बाहेर काढून ठेवायचीस. मी घरात असले आणि कुठल्या तरी खोलीत तुझं आणि शेजारणीचं बोलणं रंगात आलेलं असलं, तर मी आत पाऊल टाकताच ते थांबायचं. हे मला अजून होतं. विभागात सहकाऱ्यांच्या गप्पा चालू असतात, मी दार ढकलते, काही कारणाने क्षणभर शांतता होते, आणि त्या क्षणी मी सहा वर्षांची असते, हातात खडू असतो.

मग एक आठवडा आला, त्यात पाटी कोरी राहिली. सोमवार ते शनिवार, एकही रेघ नाही. बाबांनी मैसूरपाकाचा पुडा आणला. मला उचलून घेतलं, तुला म्हणाले, ‘‘शून्य रिजेक्शन. आमच्या वर्कशॉपमध्येसुद्धा कधी झालं नाही हे.’’ तू एक तुकडा तोंडात टाकलास आणि म्हणालीस, ‘‘छान आहे.’’ त्या दिवशी तू बोललेलं मला एवढंच आठवतं. त्या आठवड्यातलंही जवळजवळ तेवढंच. कोरी पाटी दोन गोष्टींनी मिळू शकते, हे कुठल्याही तपासनिसाला कळायला हवं होतं. आम्ही दोघं तपासनीस मैसूरपाक खात होतो.

तुझ्या शेवटच्या हिवाळ्यात मी घरी आले होते तेव्हाचं तुला आठवत असेल. ओट्यावर भिजवलेल्या अवरेकाळूचं, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचं, पातेलं होतं. तू एकेक दाणा दोन बोटांत दाबायचीस आणि आतला हिरवा गर टुणकन वाटीत उडायचा, साल हातात राहायची. मी समोर बसून तुला समजावत होते, मूल प्रवाहातून शब्द कसा सोडवतं. उदाहरणासाठी दाणे आयतेच समोर होते. मी फार रंगात आले होते. तू सगळं ऐकून घेतलंस आणि त्या सावकाश, धुतलेल्या मराठीत म्हणालीस, ‘‘मुलं ऐकतात, हे कळायला तुला इतकं शिकावं लागलं?’’ मी हसले. तू हसली नाहीस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. पुढचा दाणा दाबलास. बोलायची वेळ तीच होती. मी पातेलं जवळ ओढून तुला मदत करू लागले आणि ती वेळ गेली.

आता ती दुपार. पहिलीनंतरची सुट्टी, कोऱ्या आठवड्यानंतरचा महिना. बाबा कारखान्यात. जेवणं झाली की तू पडदा ओढायचीस, मला चटईवर झोपवायचीस आणि शेजारी भिंतीला टेकून बसायचीस. माझा श्वास संथ झाला की तू बोलायला लागायचीस. हे किती दिवस चाललं होतं मला ठाऊक नाही, कारण बाकीच्या दिवशी मी खरोखर झोपत असेन. त्या दिवशी झोपले नव्हते. डोळे मिटलेले होते आणि वर एक आवाज सुरू झाला, जो मी दाराबाहेर ऐकला होता पण माझ्यासाठी कधी ऐकला नव्हता. तू मलाच सांगत होतीस. होसकोट्याच्या तुझ्या माहेरच्या विहिरीवर अक्काने तुला कसं घाबरवलं ते. भाजीवालीच्या सुनेचं काय झालं ते. मधेच मला ओरडलीस, झोपलेल्या मला, काहीतरी सांडल्याबद्दल, आणि लगेच ‘चिन्ना’ म्हणून केसांवरून हात फिरवलास. वेग असा, की तुला धाप लागत होती. मला अर्धं कळत नव्हतं.

आणि मी मोजत होते. चादरीखाली बोटांवर. कारण ते माझं काम होतं आणि मी ते चोख करायची.

चहाच्या वेळी तू मागे परसात असताना मी पाटीवर सात रेघा मारल्या. तू आत आलीस, पाटी पाहिलीस. सकाळपासून तू एक अक्षर वावगं बोलली नव्हतीस, म्हणजे त्या रेघा कुठल्या आहेत हे तुला कळायला काहीच वेळ लागला नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. रागावली असतीस तर मी तो राग आजपर्यंत जपून ठेवला असता. तू फक्त पाहिलंस, आणि दुधाचं भांडं गॅसवर ठेवलंस. संध्याकाळी बाबांनी विचारलं, ‘‘सात? एकदम? कुणाशी बोललीस गं?’’ तू म्हणालीस, ‘‘भाजीवालीशी.’’ मी तिथेच उभी होते. खरं काय ते सांगितलं नाही, आणि तेव्हा मला वाटलं, मी तुला वाचवलं.

दुसऱ्या दिवशी तू पडदा ओढलास, शेजारी बसलीस आणि शिवण घेतलंस. मी श्वास संथ केला. तो कसा करायचा हे मला आता येत होतं. पंख्याचा आवाज येत राहिला. तिसऱ्या दिवशीही मी डोळे मिटून पडून राहिले, चौथ्याही. शाळा उघडेपर्यंत रोज. तू एकदाही बोलली नाहीस. जून आला तेव्हा बाबांना खेळाचा कंटाळा आला होता आणि पाटी त्यांनीच काढून टाकली. तोवर तिची गरज उरली नव्हती. पुढची पंचवीस वर्षं तू माझ्याशी निर्दोष मराठी बोललीस, थोडं थोडं.

माझ्याकडे मुलांच्या बोलण्याचं शेकडो तासांचं ध्वनिमुद्रण आहे. तुझं एक मिनिटही नाही. त्या दुपारचे शब्दही नाहीत. वर मी लिहिलेली विहीर आणि सून मी नंतर जोडलेली असू शकतात, स्मृती असं करते हे मला चांगलं माहीत आहे. शब्द गेले, चाल तेवढी आहे. ती कधी कधी माझ्या कानात अर्थाशिवाय चालू होते, बसमध्ये, वर्गात, आज लिफ्टच्या दिशेने गेलेल्या त्या आवाजात. मी ती म्हणून दाखवू शकत नाही. हे पत्रसुद्धा पाहा, पहिल्यापासून शेवटपर्यंत बाबांच्या मराठीत आहे. तुझ्या बोलीत मला एक परिच्छेद लिहिता येत नाही, म्हणून हे पाठवण्याजोगं नाही, पाठवायला पत्ता असता तरी.

तरी एक गोष्ट पाटीवरून तुला कळली नसणार. तुला वाटलं असेल, मी शेवटपर्यंत मोजलं आणि सातच सापडले. तसं नव्हतं. सातव्यानंतर माझी बोटं थांबली होती. तू त्यानंतर खूप वेळ बोलत होतीस आणि मी नुसती ऐकत होते, आणि तू थांबू नयेस म्हणून झोपेचं सोंग करत होते.